मेळघाटाची वाट : दोन दिवसांचा बेत

शनिवार-रविवारची सुटी जवळ आली, दाराशीं गाडी उभी असली आणि पावसानें डोंगर हिरवे केले, म्हणजे घरोघरीं एकच प्रश्न ऐकूं येतो : "या वेळीं कोठें जायचें?" आज मला आपणांस असें सुचवावयाचें आहे कीं, हा प्रश्न अपुरा आहे. "कोठें" याच्या जोडीला "कोणत्या वाटेनें" आणि "किती वाजतां परत" हे दोन प्रश्न विचारल्याशिवाय डोंगरांतला प्रवास सुखाचा होत नाहीं. आणि कधीं कधीं सुखरूपहि होत नाहीं.

वाशीम जिल्ह्याच्या कारंजा तालुक्यांतील धनज हें माझें गांव. आयुष्यभर मुलांना भूगोल शिकविला. भिंतीवरच्या नकाशावर काठी ठेवून "हा सातपुडा, ही पूर्णा" असें सांगितलें, आणि मुलांनीं तें पाठ केलें. आतां तीच मुलें मोठीं होऊन नागपूर-पुण्याहून आपापल्या मोटारी घेऊन गांवीं येतात, आणि "गुरुजी, दोन दिवसांत काय पाहून होईल?" असें विचारतात. त्यांना जें सांगतों, तेंच आज जरा विस्तारानें आपणांपुढें मांडतों.

प्रथम आपला मुलूख समजून घेऊं. जुन्या वऱ्हाडाचे तीन भाग मानीत असत : दक्षिणेकडील उंच पठाराचा बालाघाट, मधल्या पूर्णेच्या खोऱ्याचा पायनघाट आणि उत्तरेकडील डोंगराळ मेळघाट. आमचें धनज बालाघाट व पायनघाट यांच्या सांध्याजवळचें. म्हणजे येथून उत्तरेकडे निघालेला मनुष्य एका दिवसांत काळ्या सपाट जमिनींतून निघून सागवानाच्या जंगलांत आणि तेथून ढगांच्या पातळीपर्यंत जाऊन पोंचतो. एवढा पालट इतक्या थोड्या अंतरांत फार थोड्या ठिकाणीं मिळतो. मग असा प्रदेश उशाशीं असतांना डोळे मिटून धांवत सुटावें आणि "पॉइंट" आला कीं डोळे उघडावे, यांत काय हंशील?

माझा पहिला नियम असा : ज्या वाटेनें जाल, त्याच वाटेनें परत येऊं नका. प्रवास वर्तुळाकार आंखावा. पहिल्या दिवशीं धनजहून अमरावती, अमरावतीहून परतवाडा, परतवाड्याहून धामणगांव गढीच्या वाटेनें चिखलदरा. दुसऱ्या दिवशीं चिखलदऱ्याहून सलोना-घटांगच्या वाटेनें परतवाडा, तेथून अंजनगांव सुर्जी, दर्यापूर, मूर्तिजापूर आणि कारंजा करून घर. जातांना पूर्णा वरच्या अंगास ओलांडाल, येतांना खालच्या अंगास. आणि वऱ्हाडाचा निम्मा भूगोल व एक मोठें इतिहासाचें प्रकरण त्या फेऱ्यांत येऊन जाईल.

अमरावतीहून परतवाड्यास जातांना आसेगांवापाशीं पूर्णा लागते. तेथें पुलाच्या अलीकडे, रस्ता सोडून सुरक्षित जागीं, पांच मिनिटें थांबा आणि मुलांना एक कोडें घाला. ही नदी उत्तरेच्या डोंगरांत, बैतूल जिल्ह्यांतील भैंसदेहीजवळ उगम पावते, मैदानांत उतरते आणि पश्चिमेकडे वळते. डोंगराच्या पलीकडच्या उतारावरचें पाणी सिपना, गाडगा, खंडू, खापरा अशा नद्यांतून तापीला मिळतें. म्हणजे डोंगराच्या कण्यावर शेजारीं शेजारीं पडलेल्या दोन थेंबांपैकीं एक पूर्णेला जातो, दुसरा तापीला. मग त्यांची पुन्हां भेट होते कीं नाहीं? होते, पार जळगांव जिल्ह्यांत चांगदेवाच्या संगमावर. हें एवढें कळलेल्या मुलाला पुढचा घाट हा नुसता वळणावळणाचा रस्ता राहात नाहीं.

परतवाड्याशेजारचें अचलपूर हें जुनें एलिचपूर. १४९० च्या सुमारास बहमनी राज्य फुटलें, तेव्हां येथें इमादशाही उभी राहिली आणि १५७४ मध्यें अहमदनगरच्या निजामशाहीनें ती गिळली. वेळ असला तर येथील हौज कटोरा पाहावा. दोन तास हाताशीं असले तर परतवाड्याहून जवळच, मध्य प्रदेशाच्या हद्दींत, मुक्तागिरीचीं बावन्न जैन मंदिरें आणि तेथील धबधबा आहे. परंतु एक सावधगिरी : अचलपूर, मुक्तागिरी आणि चिखलदरा हीं तिन्हीं एका दिवसांत करूं पाहणारा मनुष्य तिन्हीं पाहत नाहीं. तो फक्त तीन ठिकाणीं गाडी उभी करतो.

परतवाड्यापासून घाट सुरू होतो. तीसेक किलोमीटरांचें हें अंतर. पण एवढ्यांत आपण सुमारें सातशें मीटर वर चढतों. चिखलदऱ्याची उंची १,११८ मीटर. दर शंभर मीटरांमागें हवा साधारणपणें अर्ध्या अंशाहून थोडी अधिक गार होते. तेव्हां मैदानापेक्षां चार-पांच अंशांचा फरक पडावा हें गणितानेंच निघतें, आणि अंगावरच्या शहाऱ्यानें पटतें. वाटेंत मोथा हें गवळ्यांचें गांव लागतें. तेथील दूध-खवा प्रसिद्ध आहे. विदर्भांत कॉफी पिकते ती चिखलदऱ्यासच, हेंहि ध्यानांत ठेवावें.

वर गेल्यावर काय पाहावें? भीमकुंड, पंचबोल, देवी पॉइंट, वैराट हीं नांवें सर्वांस ठाऊक आहेत. कीचकाचा वध भीमानें येथें केला आणि त्यावरून कीचकदरा, पुढें चिखलदरा, ही लोककथाहि ठाऊक आहे. मी आग्रह धरीन तो गाविलगडाचा. बहमनी सुलतान अहमदशहा वली यानें १४२५ मध्यें हा किल्ला बांधविला असें इतिहास सांगतो. १८०३ सालच्या डिसेंबरांत आर्थर वेलस्ली आणि कर्नल स्टीव्हन्सन या किल्ल्यावर चालून आले. दक्षिणेकडून सरळ कडा. तिकडून तोफांचा मारा फारसा लागूं पडण्याजोगा नव्हता. म्हणून स्टीव्हन्सननें धामणगांवच्या बाजूनें डोंगरांत शिरून, सुमारें तीस मैल रानांतून वाट तोडीत, अवजड तोफा ओढीत ओढीत किल्ल्याच्या उत्तर बाजूस आणल्या. ७ डिसेंबरला निघालेले ते लोक १२ तारखेला पोंचले. १५ डिसेंबरला किल्ला पडला. किल्लेदार बेणीसिंग लढतां लढतां मारला गेला. दोनच दिवसांनीं देवगांवचा तह झाला आणि नागपूरकर भोसल्यांचें वऱ्हाड त्यांच्या हातून गेलें. ज्या मुलुखांतून आज आपण तासाभरांत वर येतों, त्याच मुलुखांतून पुढें सरकावयास एका फौजेला सहा दिवस लागले, हें गडाच्या तटावर उभें राहून मुलांना सांगा.

आतां परतीच्या वाटेविषयीं. दुसऱ्या दिवशीं घटांगच्या वाटेनें उतरतांना जंगल वेगळें लागतें. सावली दाट, वस्ती विरळ. ज्यांच्यापाशीं तिसरा दिवस असेल त्यांनीं घटांगहून सेमाडोह व कोलकासकडे वळावें. तेथें सिपना नदीचें पात्र पाहण्याजोगें आहे. मेळघाट व्याघ्रप्रकल्प १९७४ मध्यें स्थापन झाला; देशांतील पहिल्या नऊ व्याघ्रप्रकल्पांपैकीं तो एक. पण दोनच दिवस असतील, तर सेमाडोहाचा मोह आंवरावा आणि अंजनगांवकडे निघावें. अंजनगांव सुर्जी येथेंच ३० डिसेंबर १८०३ रोजीं शिंद्यांनीं इंग्रजांशीं तह केला. म्हणजे गाविलगडावर सुरू केलेली गोष्ट येथें पुरी होते. पुढें दर्यापुराकडे खारपाणपट्टा लागतो. विहिरीला पाणी आहे, पण तें खारट. पिकाला चालत नाहीं आणि पिण्याला तर नाहींच. डोंगराच्या पायथ्याशीं शहानूर नदीवर धरण बांधलें आणि तेथलें गोड पाणी या गांवांपर्यंत आणलें, तेव्हां कोठें लोकांच्या घशाला ओल मिळाली. सकाळीं डोंगरावर जें पाणी खळाळतांना पाहिलें, तें दुपारीं खालच्या गांवाच्या नळाला पाहावें; वर्तुळाकार प्रवासाचा लाभ तो हाच. दर्यापूर तालुक्यांत लासूर येथें आनंदेश्वराचें जुनें हेमाडपंती देऊळ आहे. उन्हें कलण्यापूर्वीं तेथें अर्धा तास बसून मग मूर्तिजापूरची वाट धरावी.

दुसरा नियम : बेत मैलांत मोजूं नका, तासांत मोजा, आणि त्यांतहि उजेडाच्या तासांत. हातांतला फोन अंतर अचूक सांगतो. परंतु वाटेंत गाईंचा कळप आडवा येईल, धुक्यानें दहा हात पुढचें दिसणार नाहीं, धाकट्याला मळमळेल आणि आजोबांना दर तासानें उतरावें लागेल, हें तो सांगत नाहीं. डिसेंबरांत आपल्याकडे पावणेसहाच्या सुमारास सूर्य मावळतो. तेव्हां घाट दुपारीं चारच्या आंत उतरून झाला पाहिजे, असें धरून मागें मागें हिशेब करीत यावें. मी तर परतीची वेळ आधीं लिहितों आणि निघण्याची नंतर. रविवारीं सायंकाळीं सगळेच एका वेळीं खालीं उतरतात. सगळेच थकलेले असतात आणि सगळ्यांनाच सोमवारची घाई असते. घाटांतली ही वेळ सर्वांत वाईट. रविवारीं दुपारचें जेवण परतवाड्यास घेणाऱ्या कुटुंबाचे वरचे एक-दोन "पॉइंट" बुडतात खरे, पण पदरांत सुखाची झोंप पडते.

हें मी भीति घालण्यासाठीं सांगत नाहीं. २०२४ च्या सप्टेंबरांत याच मेळघाटांत सेमाडोहजवळ एक प्रवासी बस पुलावरून खालीं गेली आणि माणसें दगावलीं. दुसऱ्या बाजूला समृद्धी महामार्ग पाहा. तो आमच्या कारंज्याजवळून जातो. सरळ, रुंद, अडथळ्यावांचून असलेला हा रस्ता. तरी १ जुलै २०२३ च्या रात्रीं सिंदखेडराजाजवळ एका बसला अपघात होऊन ती पेटली आणि पंचवीस माणसें गेलीं. रस्ता अवघड असो वा सोपा, रात्र आणि थकवा यांची गांठ पडली कीं तो सारखाच घातक ठरतो. त्यांतून समृद्धीवर दोन तास एका वेगानें गाडी हांकून जो घाटाकडे वळतो, त्याच्या डोळ्यांना वेगाची संवय झालेली असते आणि घाटांतला चाळीसचा वेग त्याला बैलगाडीचा वाटूं लागतो. म्हणून घाटाच्या पायथ्याशीं थांबून चहा घेणें ही चैन नसून गरज आहे.

चालविणाऱ्यासाठीं चार गोष्टी सांगतों. जाणत्यांना त्या ठाऊक असतील, पण उजळणीनें बिघडत नाहीं. उतरतांना गाडी खालच्या गिअरमध्यें ठेवावी. सारखा ब्रेक दाबून ठेवला कीं तो तापतो आणि नेमक्या वळणावर दगा देतो. अरुंद घाटांत चढणाऱ्या गाडीला आधीं वाट द्यावी. तसा नियमच आहे, आणि त्याचें कारणहि सरळ आहे : चढावर थांबलेली गाडी पुन्हां उचलणें कठीण. धुक्यांत दिव्यांचा झोत खालीं ठेवावा. वरचा झोत धुक्यावर आपटून आपल्याच डोळ्यांवर येतो. आणि जंगलांत फोनला संदेश मिळेनासे होतात, म्हणून वाटेवरचीं गांवें एका कागदावर क्रमानें लिहून तो कागद मुलांच्या हातीं द्यावा. मुलें मोजीत बसतात, आणि बाप चुकला तर त्यांना आनंद होतो!

मळमळणाऱ्यांसाठीं एवढेंच : घाटापूर्वीं पोट अगदीं रिकामें नको आणि भरलेलेंहि नको. पुढें बसून दूरवर पाहावें आणि चालत्या गाडींत पुस्तक वा फोन डोळ्यांपुढें धरूं नये.

तिसरा नियम मला एका म्हाताऱ्या बाईंनीं शिकविला, असें म्हटलें तरी चालेल. माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याच्या कुटुंबाबरोबर मी चिखलदऱ्यास गेलों होतों. त्याची आई सत्तरीच्या पुढची, माहेर दर्यापुराकडचें. मुलानें सकाळपासून सात ठिकाणांची यादी केली होती. पहिल्याच ठिकाणीं धुकें विरलें आणि खालीं पूर्णेचें सारें खोरें उघडें झालें. बाईंनीं पदर सांवरला आणि मला विचारलें, "मास्तर, थे तिकडे आमचं माहेर व्हय ना?" मीं दिशा पाहून "होय" म्हटलें. त्या बराच वेळ बोलल्या नाहींत. मग म्हणाल्या, "इतके वर्सं म्या वावरातून ह्या पहाडाकडे पायलं. आज पहाडावरून वावर पायलं." मुलानें घड्याळाकडे पाहिलें आणि यादीचा कागद खिशांत ठेवला. तासभर आम्ही तेथेंच होतों. त्या नातवाला बोटानें गांवें दाखवीत होत्या : येथें तुझ्या पणजोबाची विहीर, येथें पूर आला होता, येथून लग्नाची बैलगाडी निघाली. कोणतें गांव कोठें, हें त्या धुरकट मैदानांत खरोखर दिसत होतें असें नाहीं. पण नातू पाहत होता. सातांपैकीं चार ठिकाणें राहून गेलीं. त्यांची आठवण पुढें कोणी काढलेली मला ठाऊक नाहीं.

म्हणून तिसरा नियम : बेतांतला एक तृतीयांश वेळ मोकळा सोडा. गाडींतला सर्वांत म्हातारा आणि सर्वांत लहान मनुष्य जेथें रमेल, तेथें तो खर्च करा. डोंगर पुढच्या वर्षींहि तेथेंच राहील. गाडींतलीं सगळीं माणसें राहतीलच असें नाहीं.

आणखी एक गोष्ट. मेळघाट हा कोणाचा तरी संसार आहे. तेथें कोरकू लोकांचीं गांवें आहेत. रस्त्याच्या दोन्ही बाजूंस, ओळीनें, नीट सारविलेलीं घरें पाहून गाडी थांबविण्याचा मोह होतो. थांबावें, पण न विचारतां कोणाच्या दारांत शिरून छायाचित्रें काढूं नयेत. आपल्या अंगणांत अनोळखी मनुष्य येऊन आपल्या सुनेचें छायाचित्र काढूं लागला, तर आपल्याला जें वाटेल तेंच त्यांना वाटतें. खावयाचें कांहीं घेणें असेल तर त्यांच्याच दुकानांतून घ्यावें. माकडांना खाऊ घालूं नये. त्या संवयीनें तीं रस्त्यावर येऊन बसतात आणि चाकाखालीं मरतात. जंगलांत भोंगा वाजवावा तो फक्त आंधळ्या वळणावर.

ज्यांच्या घरीं घाटाची दगदग न सोसणारीं माणसें आहेत, त्यांनीं निराश होऊं नये. दक्षिणेचा बालाघाट त्यांच्यासाठीं आहे. कारंज्याहून मालेगांव-मेहकर करून लोणारला जावें. उल्केच्या आघातानें काळ्या पाषाणांत पडलेलें तें विवर जवळजवळ पावणेदोन किलोमीटर रुंद आहे. २०२० मध्यें त्याला रामसर पाणथळ स्थळाचा मान मिळाला, आणि त्याच वर्षीं जून महिन्यांत त्याचें पाणी गुलाबी झाल्यानें सारें जग तिकडे पाहूं लागलें. गांवांतील दैत्यसूदनाचें देऊळ पाहतां येतें, आणि विवराच्या कांठावरूनहि पुष्कळ दिसतें. खालीं उतरलेंच पाहिजे असें नाहीं. आणि ज्यांच्यापाशीं एकच सकाळ आहे, त्यांनीं कारंजा-सोहोळचें काळविटांचें अभयारण्य पाहावें. पहांटे निघाल्यास न्याहारीला घरीं येतां येतें.

श्रोते हो, आपल्या आजोबांच्या काळीं चिखलदऱ्यास जाणें ही बैलगाडीची, कित्येक दिवसांची गोष्ट होती. त्यांना वाट माहीत होती, कारण वाट संथ होती. आज वेग आपल्या हातीं आला आहे आणि तो चांगलाच आहे. त्यामुळेंच दर्यापूरची लेक सत्तरीनंतर कां होईना, डोंगरावर पोंचली. मात्र त्या वेगाचा लगाम आपल्या हातीं हवा. कागदावर तीन ओळी लिहा : परत किती वाजतां, कोणत्या वेगळ्या वाटेनें, आणि मोकळा वेळ किती. ह्या तीन ओळी लिहून झाल्या, कीं मग खुशाल निघा. आमच्या धनजवरून जाल तेव्हां उत्तरेकडे एकदां पाहा; तो डोंगर कोठें पळून जात नाहीं, आणि आपणांसहि पळत जाण्याचें कारण नाहीं.